वाजविणाऱ्याचा कान

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

अलीकडे पुष्कळ देवळांतून आरतीचे यंत्र आले आहे. लोखंडी सांगाडा, त्यात एक नगारा, एक-दोन घंटा, झांजांची जोडी आणि या सगळ्यांना हलविणारी विजेची मोटार. बटण दाबले की गजर सुरू, बटण बंद केले की गजर बंद. आमच्या धर्माबाद भागात अशी यंत्रे आहेत आणि हद्दीपलीकडे तेलंगणातही आहेत. त्यांची टिंगल करावी म्हणून मी हे लिहीत नाही. दुपारच्या आरतीला गावातली माणसे शेतात, नोकरीवर, मिरचीच्या बाजारात असतात. पुजारी एकटाच. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात घंटी. मग नगारा कोणी वाजवायचा? त्याची अडचण खरी आहे.

पण एका ज्येष्ठ भाविकाने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जाईना. ते म्हणाले, "यंत्राचा आवाज मोठा, ठेका चुकत नाही, कुणाची मनधरणी करावी लागत नाही. देवाला तर भाव पाहिजे. मग नगारा माणसानं वाजवला काय न् मोटारीनं वाजवला काय, बिघडलं कुठं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर "छे, छे, परंपरा आहे" एवढेच म्हणून सुटता येत नाही. परंपरा कशासाठी, हेच तर ते विचारत होते. विचार करता करता माझ्या ध्यानात आले की, या प्रश्नाचे उत्तर आवाजात शोधून सापडणार नाही, ते कानात आहे. यंत्र वाजविते, पण त्याला ऐकू येत नाही. कडव्याच्या शेवटी एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा दम तुटतो, कोणी लेकरू आरतीची ओळ विसरून थबकते, कोणाचा गळा दाटून येतो. यंत्र कोणासाठीही अर्धी मात्रा थांबत नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा उभा राहतो, की वाजविणाऱ्याला ऐकू येणे इतके मोलाचे का? मी संध्याकाळी चार लेकरांना मृदंग आणि तबल्याचे पहिले धडे देतो. काही मराठी घरांतली आहेत, काहींच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांचा कान तयार करताना रोज जे दिसते, त्याच्या आधाराने हा प्रश्न उलगडून पाहतो.

आपल्याकडे लेकराचे कान टोचतात. तो संस्कारच आहे. अक्षरओळखीसाठी त्याला गोदाकाठी बासरला सरस्वतीपुढे नेतात, पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. बासर आम्हाला तसे जवळच. असे डोळ्याला अक्षर मिळते, हाताला वळण मिळते. कानाला मात्र टोचण्यापलीकडे कोणी काही शिकवीत नाही. तो जन्मापासून उघडाच आहे, म्हणून तो शिकलेलाच आहे असे आपण धरून चालतो. आपली भाषा मात्र तसे धरून चालत नाही. कुणी हलक्या कानाचा असतो, कुणाचे कान कोणी भरतो, कुणी ऐकलेले कानामागे टाकतो, कुणी कानांवर हात ठेवतो. उघडा असूनही कान नको ते घेतो आणि हवे ते सोडतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले ठेवले आहे, आणि मराठवाड्यातल्या जांबेचे सुपुत्र समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणालाच दिला आहे. पहिली पायरी सोपी म्हणून पहिली असते असे नाही. तिच्यावर पाय नीट पडला नाही तर पुढच्या आठही पायऱ्या डळमळतात.

मृदंग शिकायला आलेल्या लेकराला पहिल्याच दिवशी दोन्ही हातांनी बडवायचे असते. "गुरुजी, वाजवायला कामून देईनात?" हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात ठरलेलाच. मी म्हणतो, "हात तर तुला देवानं दिलेच आहेत. आधी कान घे."

पहिला धडा सुरात लावण्याचा. तबल्याच्या पुडीला कडेने चामड्याची वेणी असते, तिला गजरा म्हणतात. त्यात वादी ओवलेली असते आणि त्यामुळे पुडीच्या कडेला सोळा घरे पडतात. या सोळाही घरांवर टिचकी मारली तर एकच सूर निघाला पाहिजे. गजऱ्यावर वरून हातोडी बसली की सूर चढतो, खालून बसली की उतरतो. फरक जास्त असला तर वादीखालचे गट्टे सरकवावे लागतात. पेटीचा एक सूर धरून ठेवायचा, एखादे घर मुद्दाम किंचित उतरवायचे, आणि लेकराला डोळे मिटून विचारायचे, "कोणतं घर उतरलंय?"

सुरुवातीला लेकरू चोरून हातोडीकडे बघते, माझ्या तोंडाकडे बघते, अंदाजाने बोट दाखविते. त्याला सोळाही घरे सारखीच ऐकू येतात. असे दोन-तीन आठवडे जातात. मग एके दिवशी ते एकाएकी म्हणते, "हे! हे रडतंय." त्या दिवशी वाद्य तेच असते, हातोडी तीच असते, आवाजही तोच असतो. फक्त ऐकणारा बदललेला असतो. एकदा का उतरलेले घर ऐकू यायला लागले, की मग ते ऐकू येऊ नये असे ठरवूनही ऐकू येतच राहते. कानाचे शिक्षण असे असते. ते मागे घेता येत नाही.

आणि ते रोज करावे लागते. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि सूर उतरतो. आमच्या भागातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तेच चामडे ताणून चढते. मृदंगाच्या डाव्या पुडीला, धुमाला, वाजविण्यापूर्वी भिजविलेली कणीक लावतात. किती लावायची याचे माप कोणत्याही पुस्तकात नाही. कमी पडली तर आवाज उथळ, जास्त झाली तर बसका. लावायची, थाप मारायची, ऐकायचे, चिमूटभर काढायची, पुन्हा ऐकायचे. काल बरोबर होते म्हणून आज बरोबर असेल असे धरता येत नाही.

या वाद्यांच्या उजव्या पुडीवर मधोमध जो काळा गोल असतो, ती शाई. ती नसती तर ही वाद्ये नुसती वाजली असती, सुरात लागली नसती. साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली की त्यातून एका वेळी अनेक नाद उठतात आणि त्यांचा एकमेकांशी मेळ नसतो. म्हणून ढोलाचा धडाका होतो पण त्यातून ठराविक सूर धरता येत नाही. मधोमध शाईचा भार ठेवला की हे नाद एकमेकांच्या पटीत येतात आणि सगळे मिळून एक सूर बोलतात. हे शास्त्रीय रीतीने मांडले सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. १९३० साली नोबेल मिळण्याच्या दहा वर्षे आधी, १९२० साली, त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर या विषयावर 'नेचर' या विलायती नियतकालिकात टिपण लिहिले. पण रामन यांच्या कितीतरी पिढ्या आधी ही शाई घडविली कोणी? वाद्ये करणाऱ्या कारागिरांनी. एकेक पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, टिचकी मारून ऐकायचे, पुन्हा थर द्यायचा. त्यांच्याजवळ मोजायचे साधन एकच होते, ते म्हणजे कान. मोकळ्या चामड्याच्या मधोमध भार ठेवला म्हणून ते गाऊ लागले, ही गोष्ट आपण गृहस्थाश्रमी माणसांनी मनात ठेवण्यासारखी आहे.

दुसरा धडा बोल ओळखण्याचा. लेकराने पाठ करून बसायचे आणि मी मागे वाजवायचे. "धा" वाजविला की विचारायचे, "एक आवाज आला की दोन?" नवखे लेकरू म्हणते, एक. थोड्या दिवसांनी म्हणते, दोन. कारण "धा" म्हणजे उजव्या हाताचा "ना" आणि डाव्या हाताचा "घे" एकाच क्षणी. एकात दोन ऐकू आले की त्याला पुढचे विचारायचे, "दोघांपैकी मोठा कोण?" एकाने दुसऱ्याला दाबले असेल तर तो "धा" लंगडा.

मग येते खाली. त्रितालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर हात हलवून खाली दाखवितात. पण कान लावून ऐकले तर गंमत कळते. नवव्या मात्रेवर "धा" आहे, म्हणजे डग्गा बोलतोच आहे. तो गप्प होतो दहाव्या मात्रेपासून, आणि परत येतो चौदाव्यावर, सम यायच्या तीन मात्रा आधी. त्या चार मात्रांत डग्ग्याचे नसणे ऐकायचे असते. बोटे मोजून खाली ओळखणारे लेकरू एखादे वेळी चुकते. डग्ग्याचे नसणे ज्याला ऐकू येते, ते डोळे मिटूनही समेवर बरोबर उतरते. जे वाजत नाही तेही ऐकता आले पाहिजे, हा या धड्याचा अर्थ.

तिसरा धडा गप्प आवर्तनाचा. सगळ्यांनी हाताने ताल धरायचा. मी खूण केली की एक पूर्ण आवर्तन कोणी हात हलवायचा नाही, तोंडानेही मोजायचे नाही. आणि मग सगळ्यांनी एकदम समेवर टाळी द्यायची. पहिल्यांदा चार लेकरांच्या चार टाळ्या चार ठिकाणी पडतात आणि हशा पिकतो. महिन्या-दोन महिन्यांनी चार टाळ्यांची एक टाळी होते. आत कुठेतरी लय चालत राहते, बाहेर काहीही नसताना. मधेच रेल्वेची शिटी झाली तरी ती मोडत नाही. ज्याला जपाची सवय आहे त्या भाविकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

इथपर्यंतचे शिक्षण कष्टाचे असले तरी सरळ आहे. खरी अडचण पुढच्या धड्यात आहे, आणि तिथेच त्या ज्येष्ठ भाविकाच्या प्रश्नाचे उत्तरही आहे.

हात चालू लागला, बोल सुटे पडू लागले, की लेकराला एक नवा रोग जडतो. त्याला स्वतःचे वाजविणे फार गोड लागते. भजन चालू असते, पण ते स्वतःलाच ऐकत असते. ओळ संपायच्या आत तिहाई घालते, म्हणणाऱ्याच्या श्वासावर बोल ओततो, आणि कोणी मान हलविली की दुप्पट जोर चढतो. अशा वेळी मला अवधूताच्या चोवीस गुरूंची आठवण होते.

दत्तभक्तांना हे चोवीस गुरू परिचयाचे आहेत. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला ते सांगितले, आणि पैठणच्या नाथमहाराजांनी ते मराठीत आपल्या ओसरीवर आणले. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे दत्तोपासक. नाथभागवत १५७३ साली काशीत पुरे झाले. आपल्या जिल्ह्यातल्या माहूरगडाला आपण दत्तप्रभूंचे निद्रास्थान मानतो. तिथे दर्शनाला जाणारा प्रत्येकजण या चोवीसांपैकी दोन-चार गुरूंची नावे तरी सांगतो. या चोवीसांत तीन गुरू कानाशी नाते असणारे आहेत, हे मला मृदंग शिकविता शिकविता जाणवले.

पहिला हरिण. पारध्याच्या गाण्याला भुलून तो जागच्या जागी उभा राहतो आणि मारला जातो. त्याचा कान तीक्ष्ण आहे. ऐकण्यात तो कुणाला हार जायचा नाही. पण त्याचा कान आवडीच्या मागे जातो. स्वतःच्याच हातावर भुललेला वादक हा असा हरिण आहे. फरक एवढाच की इथे पारधीही तोच.

दुसरा बाण करणारा कारागीर. बाणाचे टोक सरळ करण्यात तो इतका रमला की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नाही. बाहेरचा गलबला त्याच्या कानात शिरला नाही. गप्प आवर्तनाचा धडा याच गुरूचा.

तिसरी कुमारी. घरात कोणी वडीलधारे नाही, आणि अचानक तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडू लागली तर हातातली कांकणे वाजू लागली. घरात तांदूळसुद्धा कांडलेला नाही, हे गरिबीचे गुपित बाहेर कळणार म्हणून तिने एकेक कांकण उतरवायला सुरुवात केली. दोन राहिली तरी वाजत होती. शेवटी हातात एकच ठेवले, आणि आवाज थांबला. भागवतात यातून एकांताची शिकवण काढली आहे, की पुष्कळ एकत्र आले तर कलह, दोघे असले तरी गप्पा, म्हणून साधकाने एकटे असावे. ती शिकवण थोरच आहे. पण कांकण उतरविण्याच्या आधी त्या मुलीने काय केले, इकडे माझे लक्ष जाते. तिने स्वतःच्या हाताचा आवाज ऐकला. आणि तो स्वतःच्या कानाने ऐकला नाही. स्वतःच्या कानाला तर कांकणांची किणकिण गोडच लागते. तिने तो ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांच्या कानाने ऐकला.

माझ्या मते वादकाची खरी गुरू ही आहे. स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या कानाने ऐकणे, हा चौथा धडा. बाकीचे सगळे धडे याच्यासाठी.

हा धडा शिकवायचा कसा? एक लेकरू आहे, हात फार तयार. मंडळीत एक आज्जी करुणात्रिपदी म्हणतात. प. प. वासुदेवानंद सरस्वती महाराजांची ही रचना दत्तभक्तांच्या घरोघरी आहे. ती क्षमायाचना आहे. तिथे शब्द न् शब्द देवापर्यंत पोचावा लागतो. आज्जींचा आवाज बारीक झालेला, दम अपुरा. या लेकराच्या ठेक्याखाली त्या दिसेनाशा व्हायच्या. मी त्याला मृदंगावरून उठविले, दुसऱ्याला बसविले आणि याला औदुंबराच्या पाराजवळ लांब जाऊन बसायला सांगितले. "आज्जींचे जे शब्द तुला ऐकू येणार नाहीत, ते मोजून ये." ते आले ते सात बोटे दाखवीत. दुसऱ्या लेकराच्या थापेखाली सात शब्द बुडाले होते. मी म्हटले, "तुझ्या थापेखाली किती बुडत असतील?" त्याने उत्तर दिले नाही. मान खाली घालून थोडा वेळ बसले आणि मग असे काही विचारले, की माझे चौथ्या धड्याचे सगळे तत्त्वज्ञान पणाला लागले.

"गुरुजी, मग मी वाजवलंच नाही तर आज्जीचे सगळेच शब्द ऐकू येतील की!"

प्रश्न बरोबर होता. दुसऱ्याला ऐकू यावे म्हणून आपण कमी व्हायचे, तर मग पूर्ण नाहीसेच का होऊ नये? संगत करणे म्हणजे स्वतःला पुसून टाकणे असेल, तर सेवा आणि अभाव यांत फरक काय? अशा प्रश्नाला तोंडी उत्तर देण्यात अर्थ नसतो. मी आज्जींना विनंती केली, की आज मृदंगाशिवाय म्हणा. त्यांनी सुरू केले. पहिले पद ठीक गेले. दुसऱ्यात लय रेंगाळली, टाळ्या वाजविणाऱ्यांची पांगापांग झाली, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी आज्जी थांबल्या. हसून त्या लेकराला म्हणाल्या, "धर की रं लेकरा ठेका. मला टेकायला काही नाही."

टेकायला! मला चौथा धडा नीट कळला तो आज्जींच्या या शब्दाने. त्या कुमारीने सगळी कांकणे उतरविली नव्हती. एक हातात ठेवले होते. हात ओका केला नाही, आणि कांडणेही थांबविले नाही. पाहुण्यांना जेवू घालायचे होते ना! तिने काढले ते दुसरे कांकण. वादकाच्या हातातही दोन कांकणे असतात. एक सेवेचे, आणि दुसरे "पाहा, मी कसा वाजवितो" याचे. ही दोन एकमेकांवर आपटतात म्हणून किणकिण होते. दुसरे उतरविले की पहिले हातात राहूनही कुणाला टोचत नाही. उलट कुणाला तरी टेकायला होते. त्या दिवसापासून ते लेकरू आज्जींच्या पदाला पंजा सपाट ठेवून, खुले बोल आवरून वाजविते. आज्जींचा दम तुटतो तिथे ते क्षणभर थांबते. ते थांबणे इतर कुणाच्या ध्यानातही येत नाही. आज्जींच्या ध्यानात येते.

कुणी म्हणेल, असे सतत दुसऱ्याच्या कानाने ऐकत राहिले तर कलावंत दुसऱ्याच्या पसंतीचा गुलाम होईल. त्याला माझे म्हणणे असे आहे. पसंती शोधणारा लोकांच्या चेहऱ्याकडे बघतो आणि स्वतःलाच ऐकतो. तो पुन्हा हरिणच झाला. दुसऱ्याच्या कानाने ऐकणारा, समोरच्याला काय हवे आणि काय नडते ते ऐकतो. त्यात कलेला कमीपणा येत नाही. अंबाजोगाई हे दत्तभक्त दासोपंतांचे गाव. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ, आणि त्यांनी कापडावर लिहिलेली सुमारे चाळीस फुटांची पासोडी प्रसिद्धच आहे. त्याच भागातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांनी मराठवाड्यातला पखवाज देशभर पोचविला आणि त्यांना पद्मश्री मिळाली. भजनात दुसऱ्याला साथ करणारे हे वाद्य, पण त्याच्या जोरावर माणूस केवढा मोठा होऊ शकतो, हे आपल्या मराठवाड्याने पाहिले आहे.

आता आपल्याकडे, म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांकडे येतो. आपण मृदंग वाजवीत नसू, पण चाळीस-पन्नास वर्षे घरात आवाज तर करीतच आलो आहोत. आपली हाक, आपले खाकरणे, जेवताना मिठावरून काढलेला शब्द, सुनेच्या माहेरचे माणूस आले असताना केलेली थट्टा. हे सगळे आपल्या कानाला आपलेच कांकण, म्हणून गोड. ते स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाच्या कानाने कसे ऐकू येत असेल? नातवाच्या कानाने? संध्याकाळी दिवा लावल्यावर दिवसभरात बोललेली चार वाक्ये अशी दुसऱ्याच्या कानाने पुन्हा ऐकून पाहावीत. पारायणाइतकाच हा नेम कठीण आहे. यातही आज्जींचा शब्द विसरू नये. घरात मौन धरून बसणारा म्हातारा हे काही उत्तर नव्हे. घरालाही टेकायला काहीतरी लागते.

"पण आता आम्हाला ऐकूच कमी येते," असे पुष्कळजण म्हणतील. वयोमानाने आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ अशी अक्षरे निसटतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि लोक पुटपुटतात असे वाटते. यंत्र लावावे, लाज धरू नये. पण ऐकणे नुसते कानाच्या पडद्यावर अवलंबून नाही. स्कॉटलंडमधली एव्हलिन ग्लेनी ही जगप्रसिद्ध तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली. तिच्या शिक्षकांनी तालवाद्य सुरात लावताना तिला भिंतीला हात टेकून उभे केले, आणि कोणता सूर हातात कुठे थरथरतो ते ओळखायला लावले. ती अनवाणी वाजविते, जमिनीतून आलेला नाद पायांनी घेते. जिला ऐकू येत नाही तिने ऐकण्याचा एवढा ध्यास घेतला. आपण तर अजून बऱ्यापैकी ऐकतो.

आणि जे ऐकतात त्यांचे कान राखणेही आपल्याच हातात आहे. आतल्या कानातल्या बारीक पेशी मोठ्या आवाजाने एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. उत्सवात कर्ण्याच्या तोंडाशी लेकरांना बसविताना हा आकडा आठवावा. ज्या कानाला उतरलेले घर ऐकायला महिना लागतो, तो कान एका रात्रीत जाऊ शकतो.

यंत्राबद्दल माझे म्हणणे एवढेच. दुपारच्या एकट्या आरतीला ते खुशाल असू द्या. पण गुरुवारी, पौर्णिमेला आणि दत्तजयंतीच्या जन्मकाळी नगारा-मृदंगावर माणूस बसू द्या. तो चुकेल, ठेका हलेल. त्याला दुरुस्त करायला ऐकणारी माणसे लागतील, आणि ते काम ज्येष्ठांचे आहे. लांब पाराशी बसावे आणि लेकराला सांगावे, "बाळा, आज सात शब्द बुडाले." पुढच्या पौर्णिमेला पाच बुडतील. देवाला भाव पाहिजे हे त्या भाविकांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. शेजारच्याचा दम ऐकून हात आवरणे, हाही भावच की. तो मोटारीला कसा यायचा?

श्रीदत्तप्रभूंनी चोवीस ठिकाणी शिकून घेतले, कारण त्यांचे डोळे-कान सगळीकडे शिष्याचे होते. आपल्याला चोवीस नकोत, ती एक कुमारी पुरे. तिच्यासारखा कान आणि तिच्यासारखे एकच कांकण आपल्या हाती राहो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!